इव्हान पावलॉव्ह

चिंचेचे नाव काढताच तोंडाला पाणी सुटते. चिंच समोर नसतानाही असे का होते? याचे उत्तर रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलॉव्ह यांनी शोधले.

त्यांचा जन्म १८४९ साली रियाझान या गावी झाला. वडील पाद्री होते. लहानपणी उंचावरून पडून इव्हानला मोठी दुखापत झाली. त्यामुळे अकराव्या वर्षी तो शाळेत जाऊ लागला. पुढे धर्मशिक्षण सोडून तो विज्ञानाच्या ओढीने सेंट पीटर्सबर्गच्या विद्यापीठात गेला.

अन्न कसे पचते, हे पाहण्यासाठी पावलॉव्ह यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. त्याबद्दल १९०४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या कामात एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. खाणे आणणाऱ्याची चाहूल लागताच कुत्र्यांना लाळ सुटे. मग ते दर वेळी खाणे देण्यापूर्वी ठरावीक आवाज करू लागले. काही दिवसांनी नुसत्या आवाजानेही लाळ सुटू लागली. नंतर त्यांनी वारंवार आवाज केला, पण खाणे दिले नाही. तेव्हा लाळ हळूहळू कमी झाली.

माणसाचेही असेच आहे. एकदा कुत्रा चावला, की प्रत्येक कुत्र्याला पाहून छाती धडधडते. अशी भीती जन्मापासून नसते. मन ती शिकते. धीराने, थोडे थोडे सामोरे गेल्यास ती कमीही होते. भीती घालवण्याच्या उपचारांत आजही या शोधाचा उपयोग होतो.

१९३६ साली पावलॉव्ह यांचे निधन झाले. अखेरपर्यंत ते संशोधनात मग्न होते.