वादळाच्या आधी पोहोचणारा कॅप्टन

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. मराठी विभागासाठी लेख दे म्हटल्यावर आधी घामच फुटला! शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला, पण ही गोष्ट सांगायचीच होती.

२२ जुलै २०२१. नुकतीच माझी दहावी झाली होती आणि मी चिपळूणला मामाकडे होते. जोरदार पावसाचा इशारा मोबाईलवर आला होता, आम्ही सगळ्यांनी वाचलाही होता. पण कोकणात जुलैमध्ये पाऊस पडणारच, असं म्हणून मामाने मोबाईल चार्जिंगला लावला आणि आम्ही झोपलो. पहाटे वाशिष्ठीचं पाणी घरात! आजीला खुर्चीसकट उचलून वर नेलं, तळमजला मात्र सगळा गेला. इशारा मिळाला होता, मग चुकलं कुठे?

सेकंड इयरला मिनी प्रोजेक्टसाठी वाचताना रॉबर्ट फिट्झरॉय भेटला. डार्विनला जगप्रवासाला नेणाऱ्या बीगल जहाजाचा कप्तान, एवढीच आपली त्याची ओळख. पण त्याचं खरं काम पुढचं आहे.

फिट्झरॉयचा जन्म ५ जुलै १८०५ चा, इंग्लंडच्या सफोकमधला. बाराव्या वर्षी तो नौदलाच्या शाळेत गेला आणि तेविसाव्या वर्षी बीगलचा कप्तान झाला. १८२९ च्या जानेवारीत दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर अचानक वादळ आलं आणि त्याचे दोन खलाशी बुडाले. बॅरोमीटर आधीच खाली आला होता, पण त्याने तिकडे लक्ष दिलं नव्हतं. ही चूक तो आयुष्यभर विसरला नाही. (मामाचा मोबाईल आठवला ना?)

१८३१ ते १८३६ डार्विनबरोबरची सफर झाली. पुढे तो न्यूझीलंडचा गव्हर्नर झाला, पण दोनच वर्षांत त्याला परत बोलावलं. १८५४ मध्ये इंग्लंडच्या सरकारने हवामानाच्या नोंदी गोळा करायला छोटंसं खातं काढलं आणि ते त्याच्याकडे दिलं. काम साधं होतं, जहाजांकडून आकडे घ्यायचे आणि तक्ते बनवायचे. दुसरा कोणी असता तर आरामात पेन्शनपर्यंत पोहोचला असता!

ऑक्टोबर १८५९ मध्ये रॉयल चार्टर हे जहाज वेल्सच्या किनाऱ्यावर वादळात फुटलं. सुमारे ४५० माणसं गेली. फिट्झरॉयने विचार केला, वादळापेक्षा टेलिग्राफ वेगाने धावतो, मग बातमी आधी का पोहोचू नये? १८६१ च्या फेब्रुवारीत त्याने बंदरांना वादळाचे इशारे द्यायला सुरुवात केली. त्याच वर्षी ऑगस्टपासून वर्तमानपत्रात रोजचा अंदाजही येऊ लागला.

मला सगळ्यात आवडली ती त्याची बंदरावरची खूण. कोळ्याला वाचता येत नसलं तरी चालेल! खांबावर काळा शंकू टांगायचा. टोक वर असेल तर वादळी वारा उत्तरेकडून, खाली असेल तर दक्षिणेकडून. ड्रम लावला तर एकामागून एक वादळं. रात्री शंकूऐवजी कंदील. बघितलं की कळलंच पाहिजे.

पण अंदाज चुकायचेही. मग वर्तमानपत्रांनी टर उडवली, शास्त्रज्ञांनी नाकं मुरडली. तब्येत ढासळली, पुंजी संपत आली. ३० एप्रिल १८६५ ला त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. १८६६ मध्ये एका समितीने त्याच्या पद्धतीवर ठपका ठेवला आणि इशारे बंद झाले. पण खलाशी आणि कोळी गप्प बसले नाहीत. अधूनमधून चुकणारा इशारासुद्धा त्यांना हवा होता. १८६७ मध्ये इशारे पुन्हा सुरू झाले. २००२ मध्ये ब्रिटिश हवामान खात्याने एका सागरी विभागाला त्याचं नाव दिलं. आपल्या बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की मच्छीमार आजही होड्या आत आणतात, त्यातही याच कल्पनेचा धागा आहे.

आता आपल्याकडे बघा. पूर-सूचना यंत्र हा आपल्या कॉलेजचा लाडका प्रोजेक्ट! अल्ट्रासॉनिक सेन्सर, जीएसएम मॉड्यूल, पाणी वाढलं की एसएमएस. मीही तेच केलं. व्हायवाला सरांनी एकच प्रश्न विचारला, मेसेज मिळालेल्या माणसाने नक्की काय करायचं? माझ्याकडे उत्तर नव्हतं. चिपळूणच्या मेसेजमध्येही तेच नव्हतं. अचानक येणाऱ्या पुरात हातात काही तासच असतात. त्या वेळात मिलिमीटरचे आकडे आजीच्या काय उपयोगाचे?

म्हणून यंदा मी सर्किट तेच ठेवलंय, मेसेज बदललाय. पहिली पायरी, गाडी उंचावर न्या. दुसरी, म्हातारी माणसं आणि कागदपत्रं वरच्या मजल्यावर हलवा. तिसरी, घर सोडा, आणि जायचं कुठे तेही त्यातच. ज्यांच्याकडे मोबाईल नाही त्यांच्यासाठी भोंगा, एकदा, दोनदा, तीनदा.

मामाला दाखवलं. इशारा खोटा ठरला तर लोक हसतील, म्हणाला. मी त्याला फिट्झरॉयची गोष्ट सांगितली. थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला की पहिला भोंगा आपल्याच गच्चीवर लाव.