हेडलाइटसाठी झटले, पण गॉगलमुळे घराघरांत पोहोचले! कोण होते एडविन लँड?

भर दुपारी कोलशेतच्या खाडीकडे पाहिलं की पाण्यावरची चमक थेट डोळ्यांत जाते. पोलराइज्ड गॉगल लावला की ती बरीच कमी होते. या गॉगलमागचं नाव आहे एडविन लँड.

लँड यांचा जन्म १९०९ मध्ये अमेरिकेत झाला. रात्री समोरच्या हेडलाइटने चालकाचे डोळे दिपतात आणि अपघात होतात, हे त्यांना थांबवायचं होतं. याच ध्यासापायी त्यांनी हार्वर्डचं शिक्षण अर्धवट सोडलं.

पाण्यावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाच्या लहरींचं कंपन बहुतांशी आडवं असतं. त्या अडवणारा मोठा स्फटिक बनवणं अवघड होतं. मग लँड यांनी असंख्य सूक्ष्म स्फटिक प्लास्टिकच्या पातळ फिल्ममध्ये एकाच दिशेने बसवले. १९२९ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि १९३७ मध्ये पोलरॉइड कंपनी उभी राहिली.

गॉगल चालले. १९४८ मध्ये बाजारात आलेला झटपट फोटो देणारा कॅमेराही गाजला. हेडलाइटची कल्पना मात्र कार कंपन्यांनी स्वीकारलीच नाही. १९९१ मध्ये लँड यांचं निधन झालं. घोडबंदर रोडवर रात्री गाडी चालवणाऱ्यांना मात्र समोरचा हेडलाइट आजही छळतोच. त्यावर हा गॉगल उपाय नाही, त्याच्या गडद काचांमुळे अंधारात आणखी कमी दिसतं.