भ्रमाची कसोटी शोधणारे कार्ल यास्पर्स

मनातील संशय हा आजार आहे की वास्तवाचे भान, हे डॉक्टरांनी कसे ठरवावे? मनोविकारशास्त्रातील या अवघड प्रश्नाची शिस्तबद्ध मांडणी करणाऱ्यांमध्ये जर्मन मनोविकारतज्ज्ञ आणि तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्स यांचे स्थान अग्रगण्य आहे.

यास्पर्स यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८८३ रोजी उत्तर जर्मनीतील ओल्डेनबुर्ग येथे झाला. लहानपणापासून त्यांना श्वासनलिकांचा दुर्धर विकार होता. कायद्याचे शिक्षण सोडून ते वैद्यकाकडे वळले आणि हायडेलबर्ग येथील मनोविकार चिकित्सालयात फ्रान्झ निस्सल यांच्या हाताखाली काम करू लागले. मानसिक आजाराचे मूळ मेंदूत शोधण्यावर त्या काळी भर होता. यास्पर्स यांनी मात्र रुग्णाचा अनुभव आणि जीवनक्रम बारकाईने नोंदवण्याचा आग्रह धरला. जोडीदाराच्या निष्ठेविषयीच्या विकृत संशयावर त्यांनी १९१० मध्ये निबंध प्रसिद्ध केला. त्याच वर्षी गेरट्रूड मायर यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

१९१३ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्यांचा 'सामान्य मनोविकृतिशास्त्र' हा ग्रंथ प्रकाशित झाला. भ्रमाची तीन बाह्य लक्षणे त्यांनी त्यात नमूद केली : कल्पनेवरील असामान्य ठाम विश्वास, अनुभवाने वा युक्तिवादाने तो न ढळणे आणि आशयाची अशक्यता. मात्र केवळ आशय खोटा असणे त्यांना पुरेसे वाटत नव्हते. जोडीदारावरील संशय योगायोगाने खरा निघाला, तरी त्यामागील विचारप्रक्रिया विकृत असू शकते, हे त्यांनी दाखवून दिले.

पुढे ते हायडेलबर्गमध्येच तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झाले. नाझी राजवटीत त्यांच्या जीवनाला कलाटणी मिळाली. गेरट्रूड ज्यू असल्याने १९३७ मध्ये त्यांना प्राध्यापकपदावरून दूर करण्यात आले. नंतर त्यांच्या लेखनाच्या प्रकाशनावरही बंदी आली. छळाचा भ्रम म्हणजे काय, हे शिकवणाऱ्या या विद्वानाच्या घरावर खऱ्याखुऱ्या छळाचे सावट होते. पत्नीला नेण्याची वेळ आल्यास एकत्र प्राणत्याग करण्याची तयारी दोघांनी ठेवली होती. १४ एप्रिल १९४५ हा त्यांना छळछावणीत पाठवण्याचा दिवस निश्चित झाला होता. मात्र त्याच्या सुमारे दोन आठवडे आधी अमेरिकी सैन्य हायडेलबर्गमध्ये दाखल झाले आणि दोघे बचावले.

१९४८ मध्ये यास्पर्स स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे गेले. तेथेच २६ फेब्रुवारी १९६९ रोजी त्यांचे निधन झाले.

भ्रमाच्या मोजमापात त्यांच्या विचारांचे महत्त्व आजही जाणवते. १९९९ मध्ये लंडनमधील एमॅन्युएल पीटर्स आणि सहकाऱ्यांनी ४० प्रश्नांची भ्रमविषयक प्रश्नावली प्रसिद्ध केली. एखादी कल्पना मनात आहे का, एवढेच तीत विचारले जात नाही. त्या कल्पनेमुळे होणारा त्रास, ती मनात किती वेळा घोळते आणि तिच्यावरील विश्वास यांना १ ते ५ असे गुण दिले जातात. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या निदान नियमावलीच्या २०१३ मधील पाचव्या आवृत्तीतही 'खोटी समजूत' या निकषाऐवजी विरोधी पुरावा असूनही न बदलणाऱ्या समजुतीवर भर देण्यात आला.

अर्थात, अशा गुणांवरून विश्वासाची तीव्रता कळते, धोका खरा आहे की नाही, हे कळत नाही. त्यासाठी रुग्णाची परिस्थिती आणि त्याचा जीवनक्रम समजून घ्यावाच लागतो. यास्पर्स यांनी नेमका हाच आग्रह धरला होता.