सुरकुत्या न लपवणारी ॲना

सिनेमातली नटी म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? गोरापान रंग, कोरलेल्या भुवया, एक केससुद्धा इकडचा तिकडे नाही. आता दुसरा एक चेहरा डोळ्यांसमोर आणा. विस्कटलेले काळेभोर केस, डोळ्यांखाली वर्तुळं, बाजारात घासाघीस करून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन घरी निघालेल्या बाईचा असावा तसा. इटलीच्या ॲना मान्यानीचा चेहरा असा होता. याच चेहऱ्यानं तिला ऑस्कर मिळवून दिलं.

ॲनाचा जन्म ७ मार्च १९०८ चा, रोमचा. वडिलांचं नाव तिला मिळालं नाही. आई तिला आजीकडे ठेवून दूर इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाला निघून गेली. गरीब वस्तीत आजीनंच तिला वाढवलं. आईची माया न मिळालेली ही पोर पुढे पडद्यावर इटलीची सगळ्यात लाडकी आई ठरली, हे नशिबाचं केवढं नवल!

रोमच्या नाट्य अकादमीत ती शिकली. पोटासाठी रात्रीच्या क्लबांत गायली, नाटक कंपन्यांबरोबर गावोगाव फिरली. तीसच्या दशकात गोफ्रेदो अलेस्सांद्रिनी या दिग्दर्शकाशी तिचं लग्न झालं. पण संसार टिकला नाही. मग मास्सिमो सेरातो हा नट आयुष्यात आला. १९४२ साली त्याच्यापासून ॲनाला मुलगा झाला, लुका. बाप काही जबाबदारी घ्यायला थांबला नाही. त्या काळच्या इटलीत घटस्फोटाचा कायदाच नव्हता, तो आला १९७० मध्ये. तेव्हा लग्नाबाहेरचं मूल म्हणजे लोकांच्या तोंडाला विषय. ॲनानं मुलाला सरळ आपलं आडनाव लावलं.

लुका दीड-दोन वर्षांचा असताना त्याला पोलिओ झाला आणि पाय अधू झाले. मैत्रिणींनो, आपण मुलांना तोंडातून दोन थेंब पाजून निश्चिंत होतो. तेव्हा लस नव्हतीच, ती आली १९५५ मध्ये. बाहेर महायुद्ध पेटलेलं आणि घरात हे दुखणं. ॲनानं त्याला उपचारासाठी स्वित्झर्लंडला ठेवलं. पोर दूर आणि आई कामावर. त्या खर्चासाठी तिला काम करत राहणं भागच होतं.

अशातच १९४५ साली रोबेर्तो रोसेलिनीचा ‘रोम, ओपन सिटी’ आला. यात ती पिना झाली. पिना गरोदर आहे, पदरात एक मुलगा आहे आणि आज तिचं लग्न आहे. त्याच दिवशी जर्मन सैनिक तिच्या होणाऱ्या नवऱ्याला ट्रकमध्ये घालून नेतात. पिना हात उंचावून ओरडत ट्रकमागे धावते आणि भर रस्त्यात गोळी लागून कोसळते. हा प्रसंग कल्पनेतून आलेला नव्हता. मार्च १९४४ मध्ये रोममध्ये तेरेसा गुल्लाचे ही गरोदर बाई, पाच मुलांची आई, पकडून नेलेल्या नवऱ्याकडे धावताना अशीच मारली गेली होती. या सिनेमानं ॲना जगभर पोचली. १९५२ मध्ये मुंबईत भरलेल्या भारताच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवातही तो दाखवला गेला.

रोसेलिनीशी तिचं नातं जुळलं, पण त्यानंही तिला सोडलं, हॉलिवूडच्या इन्ग्रिड बर्गमनसाठी. तो बर्गमनला घेऊन ‘स्ट्रॉम्बोली’ बेटावर सिनेमा करायला लागला, तर ॲनानं जवळच्याच बेटावर ‘व्हल्कानो’ केला. २ फेब्रुवारी १९५० ला ‘व्हल्कानो’चा पहिला खेळ होता. नेमकं त्याच दिवशी बर्गमनला मुलगा झाला आणि पत्रकार तिकडेच पळाले! ॲना मात्र रडत बसली नाही, पुढच्या कामाला लागली.

१९५१ चा ‘बेल्लिस्सिमा’ आपण प्रत्येकीनं बघावा असा. यात ती घरोघरी जाऊन इंजेक्शनं देणारी गरीब बाई आहे. लेकीला सिनेमात झळकवायचं म्हणून ती पै-पै खर्च करते. पण पडद्यावर रडणाऱ्या लेकीला बघून सिनेमावाले खदखदून हसतात, ते ती आडून बघते. पुढे कामाचा करार घरी चालून येतो, तेव्हा ती तो नाकारते. आज टीव्हीवरच्या स्पर्धांसाठी मुलांना घेऊन रांगा लावणाऱ्या आयांना ही गोष्ट जुनी वाटणार नाही.

अमेरिकन नाटककार टेनेसी विल्यम्सनं तिला डोळ्यांसमोर ठेवून ‘द रोझ टॅटू’ लिहिलं. इंग्रजी कच्चं म्हणून तिनं नाटकात काम करायला नकार दिला. १९५५ च्या सिनेमात मात्र केलं. शिवणकाम करून घर चालवणाऱ्या विधवेची ही भूमिका. समोर कॅथरिन हेपबर्नसारख्या नट्या असताना ऑस्कर ॲनाला मिळालं. मुख्य अभिनेत्रीचं ऑस्कर मिळवणारी ती पहिली इटालियन. सोहळ्याला ती गेलीच नव्हती, रोमला घरी होती. सिनेमात तिची मुलगी झालेल्या मारिसा पावाननं बक्षीस घेतलं.

चेहऱ्यावरच्या सुरकुत्या झाकू नकोस, त्या कमवायला मला आयुष्य लागलंय, असं ती मेकअपवाल्याला बजावायची, ही गोष्ट तिच्याबद्दल आवर्जून सांगतात. तिचा चेहरा बघितला की ती खरी वाटते.

२६ सप्टेंबर १९७३ ला कर्करोगानं ॲना गेली, वयाच्या ६५ व्या वर्षी. शेवटच्या दिवसांत लुका जवळ होता आणि जुना राग विसरून आलेला रोसेलिनीही. अख्खं रोम अंत्ययात्रेला लोटलं. पुढे लुकाची मुलगी ऑलिव्हियासुद्धा अभिनेत्री झाली, आजीनं अभिमानानं जपलेलं तेच आडनाव लावून.

आरशात नवी सुरकुती दिसली की आपण हळहळतो. पुढच्या वेळी ॲनाची आठवण काढूया. कोणतं दुखणं, कोणती जागरणं, कोणता आनंद त्या रेघेत आहे, हे आपल्याशिवाय कोणाला ठाऊक?