लक्ष्मीबाई टिळक : सोवळ्यापासून प्रार्थनेपर्यंत

मराठी आत्मचरित्रांचा विषय निघाला की ‘स्मृतिचित्रे’चे नाव आल्यावाचून राहत नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या या ग्रंथातील विनोद आणि संसाराच्या हकिकती वाचकांच्या चांगल्या परिचयाच्या आहेत. त्या हकिकतींच्या आड मात्र आणखी एक कथा आहे. पतीने धर्म बदलल्यावर ज्या स्त्रीला त्याच्या घरचे पाणीही घेता येईना, ती पुढे त्याच देवापुढे हात जोडावयास कशी शिकली, याची ही कथा. तिचा निर्णायक भाग नगर जिल्ह्यात, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात घडला.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर येथील गोखले घराण्यात झाला. वडिलांचे सोवळे इतके कडक, की बाहेरून आलेले मीठसुद्धा धुऊन घेतल्याखेरीज घरात वापरले जात नसे. देवाची भक्ती आणि विटाळाचे भय या दोन गोष्टी त्या घरात वेगळ्या ओळखू येत नसत. शालेय शिक्षण जवळजवळ नव्हतेच. अकराव्या-बाराव्या वर्षी त्यांचा विवाह नारायण वामन टिळक यांच्याशी झाला. टिळक प्रतिभावंत कवी, स्वभावाने लहरी, उदार आणि एका जागी न टिकणारे. त्यांच्यामागे गावोगाव फिरताना संसार सांभाळण्याचे काम लक्ष्मीबाईंकडे आले.

१८९३ साली राजनांदगावकडे जात असताना आगगाडीतील एका युरोपीय सहप्रवाशाने टिळकांना ‘नवा करार’ वाचावयास दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली. प्रार्थना लोकांना दाखविण्यासाठी नसावी, दार लावून एकांतात करावी, तीत शब्दांची रेलचेल नसावी, अशी शिकवण त्या प्रवचनात आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. या बातमीने लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. पुढील चार-पाच वर्षे त्यांनी मुलगा दत्तू याच्यासह माहेरच्या नातलगांच्या आधाराने काढली. त्यातील काही काळ पंढरपुरात गेला. पतीवरील प्रेम आटले नव्हते आणि धर्म सोडवत नव्हता. या ओढाताणीतूनच त्यांची कविता जन्मास आली.

अखेर त्या नगरला आल्या. अमेरिकन मराठी मिशनचे येथील कार्य १८३१ पासूनचे. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिकही १८४२ साली याच गावी सुरू झाले होते. टिळक येथील धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवीत असत. लक्ष्मीबाई पतीजवळ आल्या खऱ्या, पण त्यांचा स्वयंपाक आणि पाणी वेगळे राहिले. एकाच संसारात दोन चुली आणि दोन देव, अशी ती स्थिती होती. टिळकांनी त्यांच्यावर धर्माची सक्ती केली नाही. सक्तीने शब्द पाठ करविता येतात, प्रार्थना करविता येत नाही, हे त्या कविमनाच्या माणसाने ओळखले असावे.

लक्ष्मीबाईंची खरी अडचण ख्रिस्ताविषयी नव्हती. ज्या हातचे पाणी आपण पीत नाही, त्याच माणसाशेजारी बसून सर्वांच्या पित्याला हाक कशी मारावी, ही अडचण होती. राहुरीच्या वास्तव्यात त्यांनी या प्रश्नाचा स्वतःपुरता निकाल लावला. जातिभेद देवाने केलेला नसून माणसाने केलेला आहे, असा विचार त्यांच्या मनात पक्का झाला आणि त्यांनी शिवाशिवीचा आचार सोडून दिला. लहानपणापासून अंगात मुरलेले भय गेल्यावर पुढची वाट मोकळी झाली. १९०० साली त्यांनी व दत्तूने बाप्तिस्मा घेतला. पुढे दुष्काळ आणि प्लेगच्या काळात टाकलेली, अनाथ मुले त्यांच्या घरात वाढली. जे हात सोवळ्यापायी कोणाला शिवत नव्हते, तेच हात आता या मुलांना न्हाऊ-माखू घालू लागले.

शब्दांचा प्रश्न मात्र टिळकांनाही सुटलेला नव्हता. त्या काळी उपासनेत भाषांतरित गीतांचा आणि विलायती चालींचा भरणा असे. इतरांना प्रवचन देणाऱ्या या कवीला स्वतःच्या अंतःकरणाची भाषा उपासनेत सापडेना. बाप्तिस्म्यानंतर सुमारे दहा वर्षांनी ते पुन्हा तुकाराम-ज्ञानेश्वरांकडे वळले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, अशी त्यांची भावना होती. मग अभंग आणि भजने यांचा ओघ सुरू झाला व ख्रिस्ताला ‘माउली’ म्हणून हाक मारली गेली. ज्या स्त्रीचे कान ओव्या, आरत्या आणि पंढरीच्या गजराने घडले होते, तिला या प्रार्थनेत परकेपणा वाटण्याचे कारण उरले नाही. लक्ष्मीबाई स्वतः कीर्तने करू लागल्या.

१९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, अशा दोघांनाही त्यात स्थान होते. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. त्यांनी हाती घेतलेले ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्रपर ओवीबद्ध काव्य अपुरेच राहिले होते.

जोडाक्षरांशी जिचे कधी फारसे जमले नाही, त्या पत्नीने ते काम पुढे चालविले. पतीने आरंभीचे थोडे अध्याय लिहिले होते. काव्याचा फार मोठा भाग लक्ष्मीबाईंनी रचला. वैधव्य, मुंबई-कराचीतील वास्तव्य आणि वाढते वय यांतही ओवी थांबली नाही. एकेकाळी ज्या नावाने त्यांचा संसार मोडला होता, त्याच नावाचे चरित्र त्या आता आपल्या आईच्या भाषेत लिहीत होत्या.

‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध होऊ लागली. १९३६ साली लक्ष्मीबाई निवर्तल्या आणि ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या पश्चात, १९३८ मध्ये प्रकाशित झाले. नगर जिल्ह्यातील चर्चमध्ये आजही टिळकांची भजने म्हटली जातात. ती म्हणणाऱ्या अनेकांना प्रार्थना सहज येत असेल, काहींना येतही नसेल. ज्यांना ती जड जाते त्यांनी लक्ष्मीबाईंचे चरित्र जरूर वाचावे. प्रार्थनेस बसण्यापूर्वी त्यांना शेजारच्या माणसाच्या हातचे पाणी प्यावे लागले होते, आणि तेवढ्याला कित्येक वर्षे लागली होती.