वालचंदशेठ, बोरघाट आणि ब्रेक ऑइल

आपल्यापैकी बहुतेकांना वालचंद हे नाव सांगलीच्या कॉलेजमुळे माहीत असतं. ॲडमिशनच्या दिवसांत कटऑफ बघताना ते नाव शंभरदा डोळ्यांखालून जातं. पण हा माणूस कोण होता, असं विचारलं तर अख्खी विंग गप्प! मी मेकॅनिकलचा, घर दिघ्याला. मला या माणसापर्यंत ब्रेक ऑइलनं नेलं. कसं, ते सांगतो.

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. घराणं गुजराती जैन व्यापाऱ्यांचं. घरी सावकारी आणि कापसाचा व्यवहार. कॉलेज अर्धवट राहिलं आणि पेढीवर मन रमेना. रेल्वेत कारकुनी केलेल्या लक्ष्मणराव फाटकांशी भागीदारी करून ते बार्शी लाइट रेल्वेच्या ठेक्यात उतरले. म्हणजे हातात डिग्री नाही, पण काम इंजिनिअरिंगचं!

पुढचा आलेख बघा. १९१९ मध्ये सिंदिया कंपनीचं 'लॉयल्टी' जहाज मुंबईहून लंडनला निघालं. तो दिवस ५ एप्रिल, आज आपण तो राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. १९२६ मध्ये हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी काढली आणि बोरघाटातल्या रेल्वे बोगद्यांचं काम घेतलं. १९४० मध्ये बंगलोरला विमानांचा कारखाना, १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा पाया.

मोटारीचं स्वप्न मात्र लांबलं. अमेरिकेत जाऊन क्रायस्लरशी बोलणी केली, पण युद्धकाळात इंग्रज सरकारनं साथ दिली नाही. शेठ हटले नाहीत. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या.

आता ब्रेककडे येऊ. क्रायस्लरनं १९२४ पासूनच आपल्या मोटारीला चारही चाकांवर हायड्रॉलिक ब्रेक दिले होते. तारा आणि दांड्यांची खटपट गेली, त्या जागी नळीतला द्रव आला. तत्त्व आपण बारावीत घोकलेलं, पास्कलचा नियम: बंदिस्त द्रवावरचा दाब सगळीकडे सारखा पोचतो. पायाखालचा दाब चारही चाकांना मिळतो तो याच्या जोरावर. अट एकच, नळीत द्रवच हवा. वाफ किंवा हवा शिरली की ती दबते, आणि पेडल नुसतंच खाली जातं.

गॅरेजात याला सगळे ब्रेक ऑइल म्हणतात, पण हे ऑइल नाहीच. नेहमीच्या गाडीत असतं ते ग्लायकॉल ईथर जातीचं. चुकून इंजिन ऑइल ओतलं तर रबरी सील फुगून वाया जातात. शिवाय हा द्रव हवेतलं पाणी शोषतो. नवा डॉट ३ किमान २०५ अंशांना उकळतो, पाणी मुरल्यावर ही मर्यादा १४० वर येते. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. कोणता घ्यायचा ते टाकीच्या झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. तेच पाळायचं. डॉट ५ हे सिलिकॉनचं, ते यात कधीच मिसळायचं नाही. डॉट ५.१ नावानं जवळचं वाटलं तरी ते ग्लायकॉलचंच!

हे सगळं मला पुस्तकात कोरडं वाटायचं. मग एका पावसाळ्यात आमच्या दिघ्यातल्या गॅरेजात एक गाडी आली. कुटुंब लोणावळ्याहून परतत होतं. बोरघाट उतरताना ब्रेक तापले, पेडल स्पंजासारखं मऊ पडलं. चालवणाऱ्यानं गिअर खाली टाकत टाकत कशीबशी गाडी कडेला घेतली. मागे दोन लहान मुलं बसलेली होती. तासाभरानं गाडी गार झाली आणि ब्रेक पुन्हा लागायला लागले! गॅरेजवाल्या काकांनी टाकी उघडून दाखवली. आतलं ऑइल चहासारखं काळपट. चार वर्षं कुणी बदललंच नव्हतं, दर सर्व्हिसिंगला नुसती भर घातलेली. काकांचं म्हणणं असं की लेव्हल उतरली तर आधी कारण शोधायचं. पॅड झिजलेत की कुठे गळतंय ते बघायचं, बाटली नंतर. रंगावरही भरवसा नाही, स्वच्छ दिसणाऱ्या ऑइलातही पाणी असतं. म्हणून साधारण दोन वर्षांनी पूर्ण बदल आणि एअर काढणं, तेही सीलबंद बाटलीतून. उघडी पडलेली बाटली, विशेषतः आपल्या दमट हवेत, ठेवून द्यायची नाही. आणि पेंटवर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवायचं.

ज्या घाटात शेठच्या माणसांनी बोगदे खोदले, त्याच घाटात त्यांच्या कारखान्याच्या गाड्या पुढे वर्षानुवर्षं चढल्या-उतरल्या. ते बघायला शेठ फार काळ राहिले नाहीत. १९४९ मध्ये अर्धांगवायूचा झटका आला, आणि ८ एप्रिल १९५३ ला गुजरातेत सिद्धपूरला त्यांचं निधन झालं. त्यांच्या कंपनीची पद्मिनी टॅक्सी मात्र मुंबईत ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावली. इतकी वर्षं ती टिकली ती कुर्ल्यातल्या कामगारांमुळे, आणि तितकीच वेळच्या वेळी बॉनेट उघडणाऱ्या टॅक्सीवाल्यांमुळे नि मिस्त्रींमुळे. कारखाना काढायला वालचंद लागतो. देखभाल मात्र तुम्ही-आम्ही करू शकतो.

तेव्हा सुट्टीत घरी गेलात की वडिलांच्या गाडीचं ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं, एवढं नक्की विचारा.