पाखरांची कैवारी : रेचेल कार्सन

पाठीवर पंप बांधून कपाशीवर किंवा भाजीपाल्यावर फवारणी करणारा शेतकरी तुम्ही पाहिला असेल. तो पिकावर औषध मारतो, असे आपण म्हणतो. पिकाला ते औषध, पण किडीला मात्र विष! कीड मेल्यावर हे विष कोठे जाते, असा प्रश्न तुम्हांला कधी पडला आहे का? हा साधा प्रश्न साऱ्या जगापुढे मांडणाऱ्या रेचेल कार्सन यांची ही गोष्ट आहे.

रेचेलचा जन्म २७ मे १९०७ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, स्प्रिंगडेल या गावी झाला. घरची स्थिती बेताची होती. पण घराभोवती मोठे रान होते. आई लग्नापूर्वी शिक्षिका होती. ती धाकट्या रेचेलला घेऊन रानात हिंडे, पाखरे दाखवी, त्यांची नावे सांगे. रेचेलला पुस्तकांचेही वेड होते. मुलांच्या एका मासिकात तिची पहिली गोष्ट छापून आली, तेव्हा ती अवघी अकरा वर्षांची होती.

आपण लेखिका व्हायचे, असे तिने ठरवले होते. पण कॉलेजात जीवशास्त्राच्या बाईंनी तिला अशी गोडी लावली, की साहित्य सोडून ती जीवशास्त्र शिकू लागली. गंमत अशी, की पुढे समुद्रावर पुस्तके लिहिणाऱ्या या मुलीने समुद्र प्रथम पाहिला तो बाविसाव्या वर्षी! १९३२ साली तिने प्राणिशास्त्राची एम. ए. पदवी मिळवली. पुढे शिकायचे होते, पण पैसा नव्हता. १९३५ साली वडील वारले आणि घराचा भार तिच्यावर आला. सरकारच्या मत्स्यखात्यात तिने नोकरी धरली. दोनच वर्षांनी बहीणही गेली. तिच्या दोन मुलींना रेचेलने आणि आईने सांभाळले.

दिवसा नोकरी आणि रात्री लेखन, असे त्यांचे आयुष्य चालले होते. १९५१ साली समुद्रावरचे त्यांचे पुस्तक निघाले आणि घरोघरी पोचले. मग नोकरी सोडून त्या पूर्ण वेळ लिहू लागल्या.

त्या काळी सगळीकडे डीडीटीचा बोलबाला होता. पॉल म्युलर या स्विस शास्त्रज्ञाने १९३९ साली त्याची कीटक मारण्याची शक्ती शोधून काढली. महायुद्धात इटलीतील नेपल्स शहरात उवांमुळे टायफसची साथ पसरली, तेव्हा लोकांच्या अंगावर डीडीटीची भुकटी मारून ती आटोक्यात आणली गेली. म्युलर यांना १९४८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या देशातही १९५३ साली मलेरियाविरुद्ध डीडीटीची मोहीम सुरू झाली. पूर्वी वर्षाला सुमारे साडेसात कोटी लोकांना मलेरिया होई. १९६५ च्या सुमारास हा आकडा एक लाखाच्या आसपास आला. तेव्हा लोकांना डीडीटी म्हणजे वरदान वाटले, यात नवल नाही.

पण युद्ध संपल्यावर अमेरिकेत त्याचा वापर बेसुमार वाढला. शेते, जंगले, वस्त्या यांवर विमानातून फवारणी होऊ लागली. जानेवारी १९५८ मध्ये रेचेलबाईंना एका मैत्रिणीचे पत्र आले. डासांसाठी विमानाने फवारणी केली आणि तिच्या अंगणातील पाखरे तडफडून मेली. कोणी तरी यावर लिहायला हवे, असे बाईंना वाटले. शेवटी ते काम त्यांनीच अंगावर घेतले.

चार वर्षे त्यांनी माहिती जमवली. कॅलिफोर्नियातील क्लिअर लेक या तलावाची हकीकत पाहा. तेथे चिलटांसारखे बारीक किडे फार होते. ते चावतही नसत, नुसता त्रास देत. त्यांना मारण्यासाठी तलावात डीडीटीच्याच जातीचे एक विष सोडले. प्रमाण किती? सात कोटी भाग पाण्यात एक भाग! एवढ्याने काय होणार, असे सर्वांना वाटले. काही वर्षांनी प्रमाण थोडे वाढवून ते पुन्हा सोडले. मग तलावावरचे ग्रीब नावाचे पाणपक्षी मरू लागले. त्यांची चरबी तपासली, तेव्हा पाण्यातल्यापेक्षा हजारो पटींनी जास्त विष सापडले. पाण्यातले विष सूक्ष्म जीवांत गेले. ते जीव लहान माशांनी खाल्ले, लहान मासे मोठ्या माशांनी आणि मासे पक्ष्यांनी. हे विष सहजासहजी नष्ट होत नाही; चरबीत साठत राहते. म्हणून प्रत्येक पायरीवर ते वाढत गेले.

हे लिहीत असतानाच १९६० साली बाईंना कर्करोग झाला. शस्त्रक्रिया झाली, पण रोग हटला नाही. घरात आठ वर्षांचा रॉजर होता. भाची वारल्यावर तिच्या या मुलाला त्यांनी दत्तक घेतले होते. आजाराची बातमी त्यांनी लपवून ठेवली. ती कळली असती, तर ही बाई रागापोटी लिहिते, असे विरोधक म्हणाले असते.

सप्टेंबर १९६२ मध्ये 'सायलेंट स्प्रिंग' हे पुस्तक निघाले. स्प्रिंग म्हणजे वसंत, तुमचा मौसमे बहार. ज्या वसंतात एकही पाखरू गात नाही, असा तो मुका वसंत! पुस्तक निघताच वादळ उठले. या बाई खऱ्या शास्त्रज्ञ नाहीत, यांचे ऐकले तर देश उपाशी मरेल, अशी टीका झाली. लग्न न केलेल्या बाईला पुढच्या पिढीची काळजी कशाला, असेही कोणी म्हणाले. खरे पाहता सगळी कीटकनाशके बंद करा, असे त्यांनी कोठेही लिहिलेले नाही. नीट माहिती न घेता आंधळेपणाने ती वापरू नका, एवढेच त्यांचे सांगणे होते. मात्र डीडीटीने वाचवलेल्या माणसांविषयी त्यांनी फार थोडे लिहिले, हेही मान्य करायला हवे.

आणखी एक इशारा त्यांनी दिला होता. सारखे विष मारले, तर त्यातून वाचलेले डास त्याला दाद देत नाहीत. आपल्याकडे तसेच घडले. डासांना डीडीटी पचू लागले, मोहीमही ढिली पडली आणि १९७६ साली मलेरियाचे रुग्ण पुन्हा ६४ लाखांवर गेले.

राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी तज्ज्ञांना चौकशी करायला सांगितले. मे १९६३ च्या अहवालात तज्ज्ञांनी बाईंचे म्हणणे बहुतांशी मान्य केले. जूनमध्ये त्या सिनेटच्या समितीपुढे बोलल्या. उपचारांमुळे केस गेले होते, म्हणून डोक्यावर टोप होता. ऐकणाऱ्यांना आजाराचा पत्ता नव्हता. १४ एप्रिल १९६४ रोजी, ५६ व्या वर्षी, त्या वारल्या.

अमेरिकेने १९७२ साली शेतीतील डीडीटी बंद केले. भारतात ते शेतीसाठी १९८९ साली बंद झाले. मलेरियाच्या डासांसाठी मात्र त्याचा वापर पुढेही चालू राहिला. अमेरिकेचे राष्ट्रचिन्ह असलेल्या गरुडाच्या अंड्यांची कवचे डीडीटीमुळे पातळ होऊन फुटत असत. १९६३ साली अलास्का वगळता देशात या गरुडांची घरटी करणारी जोडपी ४१७ उरली होती. २००७ साली ती दहा हजारांच्या जवळ गेली आणि धोक्यातील प्राण्यांच्या यादीतून गरुडाचे नाव काढले गेले.